अर्धा वॅट पुरतो का? ट्रेकसाठी घेतलेल्या, लायसन्स न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झवाल्या वॉकीटॉकीचा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात '१० किमी' लिहिलंय. सांदण दरीत दुसऱ्या वळणानंतर हा सेट मेला, आणि पुढचा माणूस होता फार तर शंभर पावलांवर. त्याचा आवाज मला दगडांवर आपटून येत होता, कानाने, रेडिओवर मात्र नुसती खरखर. साम्रद गावचे वाटाडे मामा सोबत होते, ते माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या त्या डबीकडे बघून म्हणाले, "दादा, ते ठेवा खिशात, मी कुकारी देतो." आणि दिली. पोचली. मी साडेसात हजाराची जोडी खिशात ठेवली.

तीन आठवड्यांनी हाच सेट, हीच बॅटरी, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या कडेपासून दोन हात मागे बसून मी खाली पायथ्याच्या बेलपाड्यातल्या माणसाशी बोलतोय तर असा क्लिअर आवाज की त्याच्यामागे कोंबडा आरवतोय तेही ऐकू येतंय. हवाई अंतर तीन-चार किमी तरी असेल. तर बॉक्सवरचा आकडा खोटा आहे का? खोटा नाही म्हणता येत, कारण मध्ये काहीच नसेल तर अर्धा वॅट दहा काय त्याहून लांब पण जातो. लबाडी एवढीच की मध्ये काहीच नाही अशी जागा सह्याद्रीत एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे बघतानाच मिळते, आणि तिथे समोरचा माणूस तसाही दिसतच असतो.

हे सगळं घ्यायची वेळ का आली ते थोडक्यात सांगतो. राजगड-तोरणा केला बावीस जणांचा, राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे, पुढे मी आणि शेवटी आमचा पश्या. मधल्या चौघांनी एका फाट्यावर गुरांची वाट धरली आणि सरळ खाली उतरायला लागले, पश्याला वाटलं ते पुढे माझ्याबरोबर आहेत, मला वाटलं ते मागे पश्याबरोबर आहेत, फोनला रेंज नाही, दोन तास शिट्ट्या मारत फिरलो. सापडले, एका धनगराच्या घरी ताक पीत बसलेले. पण त्या दोन तासात माझं काय झालं ते मलाच माहिती. परत आल्यावर पहिल्याच रविवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

आता लॅमिंग्टन रोडला जाऊन 'वॉकीटॉकी दाखवा' म्हटलं की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे. दुकानाचं नाव नको, पण काउंटरवरचा माणूस फार प्रेमळ होता. मी म्हटलं ट्रेकिंगसाठी पाहिजे, लायसन्स फ्री. तो म्हणाला, "साहेब, ते लहान मुलांचं खेळणं. हा घ्या. पाच वॅट, सगळ्या फ्रिक्वेन्सी पकडतो, टॉर्च पण आहे." आणि समोर तो सुप्रसिद्ध काळा चायनीज सेट ठेवला, बाओफेंग यूव्ही-५आर, जो यूट्यूबवर प्रत्येकाच्या बॅगेत असतो. किंमत माझ्या बजेटच्या निम्मी. मी म्हटलं याला लायसन्स लागतं ना. "कोण विचारतं साहेब." बिल मागितलं तर बिलावर तो 'इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी' लिहायला तयार होता, यातच सगळं आलं.

इथे जरा थांबून नीट सांगतो कारण आमच्या ग्रुपमध्येही निम्म्या लोकांना हे माहिती नव्हतं. तो यूव्ही-५आर मशीन म्हणून वाईट नाहीये, पैशाच्या मानाने तर भन्नाट आहे. पण तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही ट्रान्समिट करतो, आणि या पट्ट्यात पोलीस, रेल्वे, जहाजं, सिक्युरिटीवाले, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले असे सगळे आपापल्या परवान्यावर बसलेत. म्हणजे आपण कीपॅडवर चुकीचा आकडा दाबून 'पोहे कुठपर्यंत आले' विचारायचं आणि ते भलत्याच कुणाच्या कामात घुसायचं. भारतात असा ट्रान्समिट करणारा रेडिओ सेट नुसता जवळ बाळगायला सुद्धा परवाना लागतो, हा नियम १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनचा आहे, काल-परवाचा नाही. सूट आहे ती ठरावीक पट्ट्यांना. आपल्या कामाचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तो २०१८ च्या नियमांमध्ये लायसन्समधून मोकळा झाला. युरोपात पीएमआर ४४६ म्हणतात तीच ही जागा, तिकडे अर्धा वॅट आणि काढता न येणारी अँटेना असा हिशोब असतो आणि माझा सेट पण तसाच आहे.

म्हणून विकत घेताना एकच गोष्ट हट्टाने मागा: ईटीए. इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचं. सर्टिफिकेटवर मॉडेल नंबर असतो, तो आणि सेटच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे का बघा. मी प्रिंट काढून बॅगेच्या वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये ठेवलीय. आणि २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या साइट्सना यावरूनच नोटिसा पाठवल्या होत्या, फ्रिक्वेन्सी न लिहिता आणि लायसन्सचं न सांगता वॉकीटॉकी विकतायत म्हणून, त्यानंतर गाइडलाइन्स पण आल्या. त्यामुळे लिस्टिंगमध्ये नुसतं 'लाँग रेंज, यूएचएफ' एवढंच असेल आणि मेगाहर्ट्झचा आकडा नसेल तर पुढे सरका.

अजून एक सापळा म्हणजे अमेरिकेतून येणारा मावसभाऊ. आमच्याकडे आला होता, सिएटलहून, तिकडच्या सुपरमार्केटमधली रंगीत जोडी घेऊन, अतिशय प्रेमाने. "दादा, तुला ट्रेकला होतील, तिकडे लायसन्स लागत नाही." बरोबर आहे, तिकडे लागत नाही. ते एफआरएस सेट, म्हणजे तिकडचे घरगुती वापराचे, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, काही चॅनेलवर दोन वॅटपर्यंत. इकडे तो पट्टा मोकळा नाही, आणि आपल्या ४४६ वाल्या सेटशी ते बोलणार पण नाहीत, चॅनेल ३ आणि चॅनेल ३ दिसलं तरी फ्रिक्वेन्सी वेगळी. ती जोडी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याला सांगितलं नाहीये. इथे वाचत नसावा.

असो. शेवटी मी तिथून बाहेर पडलो आणि ठाण्यात एका दुसऱ्या ठिकाणाहून ४४६ वाली जोडी घेतली. कंपनीचं नाव देत नाही कारण पुढे थोड्या शिव्या घालायच्या आहेत, आणि दुसरं म्हणजे या रेंजमधले चार-पाच ब्रँड उघडून बघितले तर आतला माल जवळपास तोच निघतो.

चॅनेल आणि ते कोड

माझ्या सेटमध्ये सोळा चॅनेल आहेत, साडेबारा-साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतरावर, पहिला ४४६.००६२५. जुन्या सेटमध्ये आठच असतात, पण पहिले आठ तेच, त्यामुळे कुणी जुना आणला तरी एक ते आठमध्ये जमतं. चॅनेल १ वर राहू नका. डब्यातून काढल्यावर प्रत्येक सेट चॅनेल १ वर असतो आणि लोक तसाच वापरतात. एका शनिवारी राजगडावर आमच्या चॅनेलवर दुसऱ्याच ग्रुपची एक बाई अर्धा तास कुणालातरी चोर दरवाजाने येऊ नकोस म्हणून सांगत होती आणि पश्या मध्येच "ताई, तो आला पण" असं बोलून मोकळा. खाली गावात लग्न असेल तर केटरिंगवाले, बांधकामावर क्रेनवाले, सगळे याच सोळा चॅनेलवर. आम्ही आता ११ धरतो.

मग येतो तो 'प्रायव्हसी कोड'. नावावर जाऊ नका, प्रायव्हसी-बियव्हसी काही नसते. तो एक खोल सूर असतो जो तुमच्या आवाजाखाली वाजत राहतो, कानाला कळत नाही, आणि समोरचा सेट तो सूर ऐकू आला तरच स्पीकर उघडतो. बाकी कुणी कोड बंद करून बसला असेल तर त्याला तुमचं सगळं ऐकू जातं. आणि यानेच आमची हरिश्चंद्रगडावर वाट लागली. नळीच्या वाटेची टीम पहाटे बेलपाड्यातून निघालेली, मी पाचनईकडून वर. माझ्या सेटवर कोड १२, आणि पश्याच्या सेटवर बॅगेत मेनूचं बटण दाबलं जाऊन कोड शून्य, म्हणजे बंद झालेला. परिणाम बघा: माझं त्याला सगळं ऐकू जातंय, त्याचं मला शून्य. मी वर बसून "पश्या ऐकतोयस का, पश्या ऐकतोयस का", आणि तो नळीच्या तोंडाशी घामाघूम होऊन "अरे हो, अरे हो रे" म्हणतोय. वीस मिनिटं. वर आल्यावर तो माझ्याशी अर्धा तास बोलला नाही, रेडिओ नसतानाही.

त्यातून शिकलो ते असं की निघायच्या आधी दोन्ही बाजूंनी बोलून बघायचं, एकाने 'हॅलो' म्हटलं आणि दुसऱ्याने मान डोलावली ही टेस्ट नाही. मग कीलॉक, म्हणजे बटणं गोठवून टाकायची. आणि वेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र असतील तर कोडच वापरू नका, कारण नंबर जुळत नाहीत. बऱ्याच सेटमध्ये १२ म्हणजे १०० हर्ट्झचा सूर, पण काही कंपन्या यादीत वरती एक जादा सूर घालतात, मग सगळे नंबर एकाने सरकतात आणि त्यांचा १२ म्हणजे ९७.४. दोघांच्या स्क्रीनवर बारा, दोघेही बहिरे.

एक उपयोगाची गोष्ट मात्र फार कमी लोक वापरतात, ते बाजूचं मॉनिटरचं बटण. ते दाबून धरलं की सेट सगळी खरखर उघडी करतो, आणि जो आवाज एरवी कमजोर म्हणून सेट गाळून टाकतो तो त्या खरखरीतून कळतो. एकदा 'पाणी आहे' आणि 'पाणी नाही' यातला फरक असाच ऐकला होता.

वॅट वाढवून काय होतं

आमच्या ग्रुपमधला कायमचा वाद. पाच वॅट म्हणजे अर्ध्याच्या दहापट, म्हणून दहापट लांब जाईल असं वाटतं, जात नाही. मध्ये डोंगराचा दांड आला की अर्धा वॅट पण गप्प आणि पाच वॅट पण जवळपास गप्प. झाडीत आणि गावात थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण सपाटीवर उभ्या दोन माणसांमधलं क्षितिजच मुळात दहा किमीच्या आसपास संपतं, आणि तेच तुम्ही दोनशे मीटर वर चढलात की पन्नासच्या पुढे सरकतं. त्यामुळे आवाज येत नसेल तर सेट बदलायचा नसतो, जागा बदलायची असते. दहा पावलं धारेवर या, झाडाखालून बाहेर या. अँटेना उभी धरा, लोक तिला तोंडापुढे मायक्रोफोनसारखी आडवी धरतात. कमरेच्या पट्ट्याला लावून इअरफोनवर बोलणाऱ्यांचा आवाज निम्म्या वेळा कापला जातो, कारण मध्ये त्यांचंच पोट असतं. बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यावर, जमेल तेवढा वर लावायचा.

कुणी म्हणेल व्हीएचएफ, म्हणजे तो १३६ ते १७४ वाला खालचा पट्टा, जंगलात बरं चालतं. थोडं चालतं, पण लायसन्सशिवाय ते आपल्याला नाहीच. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड मोकळा आहे, पाच वॅटपर्यंत, पण तिथली लाट अकरा मीटर लांब, नीट अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. जीपवर लावा. कारवीतून ती घेऊन चालून दाखवा आणि मला फोटो पाठवा.

आमचा खरा जुगाड म्हणजे मधला माणूस. नळीची वाट अरुंद घळ आहे, तिथून वर कड्यावर थेट आवाज येत नाही. पण बेलपाड्याच्या बाहेर मोकळ्यावर एक जण बसवला की त्याला नळीचं तोंड पण दिसतं आणि कडा पण. तो फक्त निरोप इकडचा तिकडे करतो. गेल्या वेळी गुडघा दुखतोय म्हणून खाली राहिलेला मेंबर होता, त्याला खुर्ची, चहा आणि सेट दिला, दिवसभर तो आमचा टॉवर. यासाठी तिसरा सेट लागतो, म्हणून जोडीच्या ऐवजी तीनचा विचार करा. सांदणमध्ये मधला माणूसही कामाचा नाही, प्रत्येक वळणावर एक लागेल, तिथे मामाच.

आता तक्रारी

पाऊस. माझ्या सेटवर आयपीएक्स४ आहे, म्हणजे शिंतोडे. जुलैतला सह्याद्री म्हणजे शिंतोडे नव्हेत हे ते रेटिंग ठरवणाऱ्यांना कुणीतरी सांगा. अंधारबनात तीन तासांनी स्पीकरच्या जाळीत पाणी बसलं आणि सगळ्यांचा आवाज घशात बटाटा अडकल्यासारखा. उलटा करून झटकला की पुन्हा ठीक, सेट मेला नाही, पण दर पंधरा मिनिटांनी झटकत बसायचं. शेवटी झिपलॉक. पातळ पिशवीतून बटण पण दाबता येतं आणि आवाज पण जातो, थोडा दबका. जास्त पैसे टाकायची तयारी असेल आणि पावसातच जास्त फिरत असाल तर आयपी६७ वालाच घ्या, तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल या हिशोबाने टेस्ट केलेला असतो.

चार्जिंग पोर्टवरचं रबराचं झाकण चौथ्या ट्रेकला तुटलं. सर्व्हिसला फोन केला तर म्हणाले सेट कुरियरने पाठवा. एका रबराच्या तुकड्यासाठी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि फेविक्विक, अजून टिकलाय. आणि पोर्ट मायक्रो यूएसबी आहे, म्हणजे सगळ्या ग्रुपकडे टाइप सी आणि यांच्यासाठी एक वेगळी केबल सांभाळत फिरा. एकदा विसरलो, दुसऱ्या दिवशी सेट म्हणजे पेपरवेट.

बॅटरी मात्र चांगली. सकाळी सहाला चालू, संध्याकाळी सातला एक कांडी शिल्लक, ते पण आम्ही तासाच्या ठोक्याला दोन-तीन वाक्यं बोलतो म्हणून. तोंड चालू ठेवणारा मेंबर असेल तर दुपारीच बंद. दोन-तीन मुक्कामांचा ट्रेक असेल तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारा सेट बरा, सेल कुठल्याही गावात मिळतो. व्हॉक्स म्हणून फीचर आहे, बोललं की आपोआप ट्रान्समिट होतं, ते वाऱ्यात लावू नका, अख्खा चढ सगळ्यांनी माझा श्वास ऐकला.

वापरायला शिकवणं हा वेगळा ताप. बटण दाबून एक सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "खाली येऊ नका" मधलं "खाली" गेलं तरी चालेल, पण लोक "नको खाली येऊ" म्हणतात आणि तो "नको" जातो. म्हणून आमच्यात 'थांब' हा शब्द तीनदा म्हणायचा ठरलंय.

आणि हे लक्षात ठेवा की ४४६ वर तुमच्या ग्रुपशिवाय कुणी ऐकत बसलेलं नसतं. कुणी पडलं, काही मोडलं तर मदत फोननेच येणार, ११२ किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. रेडिओचं काम एवढंच की रेंज असलेल्या धारेवरच्या माणसाला 'फोन लाव' म्हणून सांगणं. सॅटेलाइटवाली गार्मिन वगैरे उपकरणं परदेशातून मागवायचा विचार असेल तर सोडा, आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, विमानतळावर पाहुणे अडवल्याच्या बातम्या आल्यात.

ज्यांना खरंच यात रस वाटायला लागलाय त्यांनी हॅमची परीक्षा द्यावी. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स पण लागत नाही, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळतं, आणि मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर तो पाच वॅटचा काळा सेट नीट कागद करून उजळ माथ्याने वापरता येतो. फक्त समोरच्याकडे पण लायसन्स पाहिजे, बावीस जणांच्या ग्रुपला त्याचा उपयोग नाही. आमच्यातला एक जण आता ८६५ मेगाहर्ट्झवाले लोरा बोर्ड घेऊन आलाय, त्यावर आवाज जात नाही, मेसेज जातात, आणि मधला प्रत्येक बोर्ड तो मेसेज पुढे ढकलतो. बघू, दोन-तीन ट्रेकनंतर त्यावर लिहीन.

तर मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क रबराचा, अर्धा मायक्रो यूएसबीचा, अर्धा त्या १० किमीचा. दहा-बाराच्या वर माणसं नेत असाल तर घ्या, दोघं-तिघं जात असाल तर एकमेकांच्या नजरेत चाला, पैसे वाचतील. मी दिवाळीनंतर तिसरा सेट घेतोय, टाइप सी वाला, याच पट्ट्यातला. पश्याने अट घातलीय की कोड शून्य राहणार आणि मेनूच्या बटणावर चिकटपट्टी लावणार, तो स्वतः.